९९ जागांचा पक्ष आणि ४० आमदारांचा मुख्यमंत्री : १९७८ चे प्रकरण

फेब्रुवारी १९७८ च्या निवडणुकीने महाराष्ट्रात पहिल्यांदाच अशी विधानसभा आली की जिच्यात कुणाच्याच हाती बहुमत नव्हते. एकूण जागा २८८, बहुमताला हवेत १४५. जनता पक्ष ९९, ब्रह्मानंद रेड्डी अध्यक्ष असलेली काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२, शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शेकाप १३, मार्क्सवादी ९ आणि अपक्ष २८. उरलेल्या ८ जागा फॉरवर्ड ब्लॉक, रिपब्लिकन गट आणि भाकप यांच्यात विखुरलेल्या. शिवसेनेचा एकही आमदार नाही.

याच २८८ जणांतून पाच महिन्यांच्या आत दोन सरकारे निघाली, आणि दोन्ही आघाडीचीच. पहिले वसंतदादा पाटलांचे, ते मार्चमध्ये आले आणि जुलैत गेले. दुसरे शरद पवारांचे, पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे. या प्रकरणाची चर्चा गेली पंचेचाळीसेक वर्षे एकाच जागी अडकली आहे : पवारांनी दादांच्या पाठीत खंजीर खुपसला की नाही. कुणाच्या मनात काय होते याचा निकाल लागायचा नाही. आकड्यांचे काय झाले ते मात्र तपासता येते, आणि महाराष्ट्रातल्या आघाड्या कशा बनतात नि कशा मोडतात हे समजून घ्यायला तेच जास्त उपयोगी आहे.

आधीची परिस्थिती

आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेस साफ झाली. महाराष्ट्रात तशी साफ झाली नाही, पण ४८ पैकी २० जागांवर आली. जनता पक्षाला १९, शेकापला ५, मार्क्सवाद्यांना ३ आणि रिपब्लिकनांना १ जागा मिळाली. या राज्यात काँग्रेस अर्ध्याच्या खाली जाणे हीच मोठी गोष्ट होती. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण गेले आणि मे महिन्यात वसंतदादा आले. हेच दादा काही काळापूर्वी शंकररावांच्या मंत्रिमंडळातून वगळले गेले होते आणि राजकारणातून संन्यास घेतल्याचे जाहीर करून बसले होते. शंकररावांनी पुढे काँग्रेस सोडून महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस काढली. शंकररावांचे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटली. इंदिरा गांधींनी वेगळी चूल मांडली. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा आणि शरद पवार रेड्डी काँग्रेसमध्ये राहिले, तर विदर्भातले नाशिकराव तिरपुडे इंदिरा काँग्रेसचे प्रदेशाचे पुढारी झाले. फूट पडून दोन महिनेही झाले नव्हते तोच निवडणूक आली. दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या, विदर्भात इंदिरा काँग्रेसने मैदान मारले आणि पश्चिम महाराष्ट्राने रेड्डी काँग्रेसची अब्रू राखली. याच सुमारास कर्नाटक आणि आंध्र प्रदेश इंदिरा काँग्रेसने एकहाती जिंकले. फुटीनंतर खरी काँग्रेस कुणाची या प्रश्नाचे उत्तर दक्षिणेतल्या मतदाराने जवळजवळ देऊन टाकले होते. महाराष्ट्रात मात्र ६९ आणि ६२ असा निकाल लागला आणि प्रश्न लोंबकळत राहिला.

मार्चमधली बेरीज

जनता पक्षाने सरकार बनवायचे तर ९९ मध्ये शेकापचे १३ आणि मार्क्सवाद्यांचे ९ मिळवून १२१ होत होते. आणखी २४ माणसे गोळा करायची होती, तीही २८ अपक्ष आणि लहानसहान गटांतून. दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या तर १३१, म्हणजे तूट फक्त १४ ची. बरेचसे अपक्ष मूळचे काँग्रेसवालेच, तिकीट न मिळाल्याने उभे राहिलेले. ही तूट भरणे सोपे होते.

म्हणून जानेवारीत वेगळे झालेले आणि फेब्रुवारीत एकमेकांच्या अनामती जप्त करायला निघालेले दोन पक्ष मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका मंत्रिमंडळात बसले. वसंतदादा मुख्यमंत्री आणि तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्राला उपमुख्यमंत्री हे पद त्यांच्यापासून माहीत झाले. आज दोन-दोन उपमुख्यमंत्री असतात आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही, पण १९७८ मध्ये या पदाचा अर्थ सरळ होता. सरकारात दोन सत्ताकेंद्रे आहेत, हे सरकारनेच शपथविधीच्या दिवशी सांगून टाकले होते.

जनता पक्षाला बाहेर ठेवायचे, एवढ्याच मुद्द्यावर ही युती झाली होती. तेवढ्यावर सरकार चालतच नाही असे म्हणता येणार नाही, अनेक सरकारे चालली आहेत. पण मग दोन अटी पाळाव्या लागतात. एक, ज्याला बाहेर ठेवायचे त्याची भीती शिल्लक राहायला हवी. दोन, भागीदारांचे आपसातले भांडण तरी वेगळ्या मालमत्तेवरून असायला हवे. इथे दुसरी अट पहिल्या दिवसापासूनच मोडलेली होती.

एका वाड्यात दोन वारस

भावकीत सातबाऱ्याचा वाद कोर्टात चालू असताना दोन्ही भाऊ एकाच वाड्यात राहतात, तसे हे सरकार होते. काँग्रेस हे नाव, तिचा इतिहास, तिचा मतदार आणि गावोगावचे साखर कारखाने, जिल्हा परिषदा, सहकारी बँका यांतली माणसे, या सगळ्यावर दोघांचाही हक्क. जनता पक्षाशी युती केली असती तर वाद धोरणांवरून झाला असता. काँग्रेसने काँग्रेसशी केली, म्हणून वाद अस्तित्वावरून होता. भागीदाराची ताकद वाढणे म्हणजे आपली तेवढीच कमी होणे, असे हे गणित होते.

मार्चनंतरच्या घटना पाहा. एप्रिलमध्ये लोकसभेत विरोधी पक्षनेतेपद यशवंतराव चव्हाणांकडून गेले आणि इंदिरा काँग्रेसचे सी. एम. स्टीफन त्या जागी आले. खासदार त्या बाजूला सरकत होते. मे महिन्यात उत्तर प्रदेशात आझमगढची पोटनिवडणूक इंदिरा काँग्रेसच्या मोहसिना किडवाई यांनी जिंकली. वर्षभरापूर्वी जिथे काँग्रेसचे नाव घेता येत नव्हते त्या मुलखात. ज्या पक्षाशी मुंबईत सत्ता वाटून घेतली होती, तोच पक्ष दिल्लीत रेड्डी काँग्रेसच्या पायाखालची वाळू काढत होता.

मुंबईत तिरपुडे शांत बसणाऱ्यांतले नव्हते. वेगळ्या विदर्भाचे ते जुने पुरस्कर्ते, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांविषयीची नाराजी ते उघड बोलत. यशवंतरावांवर त्यांनी जाहीर टीका चालवली. तिरपुड्यांकडे आजवर बहुतेकांनी तोंडाळ माणूस म्हणूनच पाहिले आहे. मला ते अर्धवट वाटते. तिरपुड्यांच्या जागी दुसरा कुणी शांत माणूस असता तरी त्याला हेच करावे लागले असते, फक्त गोड शब्दांत. इंदिरा काँग्रेसचा पाया विदर्भात होता, यशवंतरावांविरुद्धचा रोष हे तिथले चलनी नाणे होते, आणि पुढच्या निवडणुकीत ६२ चे १२० करायचे तर ते आमदार रेड्डी काँग्रेसच्याच मतदारसंघांतून यायला हवे होते. तिरपुडे आपल्या पक्षाचे काम करत होते.

दादांची अडचण याच्या उलट होती. सरकार टिकवायचे तर तिरपुड्यांना सांभाळायला हवे. तिरपुड्यांना सांभाळले की स्वतःच्या पक्षातले यशवंतरावनिष्ठ दुखावतात. मुख्यमंत्र्याचे सगळे लक्ष भागीदाराकडे होते, कारण धोका तिकडूनच येईल असे कुणालाही वाटले असते. पण इंदिरा काँग्रेसने शेवटपर्यंत पाठिंबा काढला नाही. वाचणाऱ्याने इथे क्षणभर थांबावे. हे सरकार भागीदाराने पाडले नाही. भागीदारामुळे मुख्यमंत्र्याचाच पक्ष फुटला आणि सरकार पडले.

जुलै

पावसाळी अधिवेशन चालू असतानाच उद्योगमंत्री शरद पवार सरकारातून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके आणि दत्ता मेघे हे मंत्रीही बाहेर पडले. सोबत आमदार किती, याबद्दल कुणी ३८ सांगतो, कुणी ४०. सोयीसाठी आपण ४० धरू. ६९ जणांच्या पक्षातले ४० गेले की मागे २९ उरतात. त्यात इंदिरा काँग्रेसचे ६२ मिळवले तर ९१. सगळेच्या सगळे अपक्ष आणले तरी ११९. दादांनी राजीनामा दिला.

त्यांच्यापुढे दुसरा मार्ग होता का? सभागृहात विश्वासदर्शक ठराव मांडून चाळीसांतले काही जण परत येतात का ते पाहता आले असते. संख्येच्या दृष्टीने आशा फारशी नव्हती. २६ माणसे परत यायला हवी होती, तीही सगळे अपक्ष सोबत राहिले तर. मात्र मतदान झाले असते तर कोण कुठे उभा राहिला याची सभागृहात नोंद झाली असती. ती झाली नाही. म्हणूनच नंतर आत्मचरित्रांना आणि मुलाखतींना रान मोकळे मिळाले.

यशवंतरावांना हे सगळे ठाऊक होते का, त्यांचाच याला आशीर्वाद होता का, यावर आजही दोन तट आहेत. पवारांनी पुढे वारंवार सांगितलेले कारण असे की यशवंतरावांवर होणारी टीका कार्यकर्त्यांना सहन होत नव्हती आणि असे सरकार चालवणे अशक्य झाले होते. दादांच्या माणसांना हे कारण कधीच पटले नाही. तेव्हा पवार ३७ वर्षांचे होते. मुख्यमंत्रिपद मिळत असेल तर निष्ठा आणि महत्त्वाकांक्षा एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि अशा वेळी त्यातले खरे कोणते, हे त्या माणसालाही सांगता येईलच असे नाही. तो प्रश्न इथेच सोडतो.

जनता पक्षाने खुर्ची का सोडली?

या प्रकरणात मला सर्वांत लक्षवेधी वाटतो तो हा भाग, आणि यावरच सर्वांत कमी लिहिले गेले आहे. जनता पक्ष ९९, पवारांचा गट ४०. केंद्रात सरकार जनता पक्षाचे, मोरारजी देसाई पंतप्रधान. जनता पक्षाचे अध्यक्ष चंद्रशेखर, राज्यात एस. एम. जोशींसारखा वडीलधारा माणूस पाठीशी. तरी १८ जुलै १९७८ रोजी राज्यपाल सादिक अली यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली ती ४० वाल्याला.

पहिले कारण जनता पक्षाच्या पोटात होते. तो नावाला एक पक्ष. आत जनसंघ, समाजवादी, संघटना काँग्रेस आणि भारतीय लोकदल यांची चार घरे. विधिमंडळात जनता पक्षाचे ज्येष्ठ नेते उत्तमराव पाटील जनसंघाचे. ते मुख्यमंत्री झाले असते तर समाजवाद्यांना आणि त्याहून जास्त शेकापला ते गिळणे अवघड होते. समाजवाद्यांपैकी कुणी झाला असता तर जनसंघ रुसला असता. आपल्यातला एक निवडण्यापेक्षा बाहेरचा परवडला, ही आघाड्यांमधली जुनी तडजोड आहे. पवारांचे शेकापशी तर घरचेच नाते. त्यांच्या आई शारदाबाई शेकापच्या विचारांच्या, आणि शेकापचे एन. डी. पाटील हे त्यांचे मेहुणे.

दुसरे कारण जास्त रोकडे आहे. जनता पक्षाला परतीचा रस्ता नव्हता, चाळीसांना होता. मुख्यमंत्रिपद नाकारले असते तर त्या चाळीसांतले निम्मे आठवडाभरात दादांकडे परत गेले असते, आणि उरलेले जनता पक्षात आलेले फुटीर म्हणून मागच्या बाकावर बसले असते. आपला माणूस खुर्चीत असणे हेच त्या गटाचे संरक्षण होते. सत्तेच्या वाटाघाटीत कुणाकडे किती आमदार यापेक्षा, कुणाच्या नकाराने समोरच्याचे जास्त नुकसान होते याला महत्त्व असते. पवारांनी नाही म्हटले असते तर जनता पक्षाला विरोधी बाकांवर बसावे लागले असते. जनता पक्षाने नाही म्हटले असते तर पवारांना, नाचक्की सोसून का होईना, काँग्रेसमध्ये जागा होती.

बेरीज तर साधीच होती. ९९ आणि ४० मिळून १३९, शेकापचे १३ धरले की १५२. बहुमत इथेच झाले. बाकीचे डावे, रिपब्लिकन आणि अपक्ष वरकड. पण ही वरकड मंडळी सोडली तर या तिघांतला प्रत्येक जण अपरिहार्य होता. मार्चच्या सरकारात जे घडले त्यातून धडा घेतला असेल किंवा नसेल, पुलोदच्या रचनेत मुख्यमंत्र्याला आपल्याच गटात फूट पडण्याची चिंता कमी होती. एकदा शपथविधी झाल्यावर चाळीस जणांना दुसरीकडे जायला तोंडच उरले नव्हते.

पुलोद चालली कशी

१९ महिने चालली. नंतरच्या काळात तिच्याकडे एक अपघात म्हणून पाहिले जाते, ते अन्यायाचे आहे.

मंत्रिमंडळाची यादीच वाचण्यासारखी. उपमुख्यमंत्री सुंदरराव सोळंके. अर्थखाते शंकरराव चव्हाणांकडे, म्हणजे माजी मुख्यमंत्री आता आपल्याच जुन्या मंत्रिमंडळातल्या तरुण सहकाऱ्याच्या हाताखाली. महसूल उत्तमराव पाटलांकडे. सहकार शेकापच्या एन. डी. पाटलांकडे. शिक्षण समाजवादी सदानंद वर्दे यांच्याकडे. गृह राज्यमंत्री पुण्याचे भाई वैद्य. जनसंघाचे हशू अडवाणी आणि शेकापचे गणपतराव देशमुख एका टेबलाशी. इतक्या वेगवेगळ्या झेंड्यांची माणसे महाराष्ट्राच्या एका मंत्रिमंडळात त्याआधी बसली नव्हती.

सत्तेवर येऊन दहा दिवसही झाले नव्हते, तोच २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ठरावाला विरोध झाला नाही. पण त्याच रात्रीपासून मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून गेली. ठरावाची अंमलबजावणी थांबली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, तेव्हाही मुख्यमंत्री पवारच. विधिमंडळात एकमत आणि गावात आग, हे का झाले? ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्या पक्षांचे गावपातळीवरचे पुढारी त्या ठरावाच्या बाजूचे नव्हते. आघाडी मुंबईत झाली होती, तालुक्यात झालीच नव्हती. पुलोदच्या जमाखर्चात ही बाजू सर्वांत काळी आहे आणि ती कुणा एका घटक पक्षावर ढकलून चालणार नाही.

जमेच्या बाजूला दोन गोष्टी ठळक. सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा १९७७ अखेरीस सुरू झालेला ५४ दिवसांचा संप आधीच्या सरकारने मोडून काढायचा प्रयत्न केला होता. पुलोदने केंद्राच्या दराने महागाई भत्ता मान्य केला. आजही निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत या निर्णयाची आठवण निघते. दुसरे, १९७७ मध्ये मंजूर झालेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कायदा आधीच्या काळातला, तेव्हा श्रेय वाटून घ्यायला हवे. पण आघाडीचे सरकार होते म्हणून तो रेंगाळला असे झाले नाही.

हे सरकार आतल्या भांडणाने पडले नाही हेही नोंदवायला हवे. जुलै १९७९ मध्ये दिल्लीत मोरारजींचे सरकार कोसळले, जनता पक्ष फुटला, जनसंघाच्या मंडळींच्या दुहेरी सदस्यत्वावरून, म्हणजे जनता पक्षात असूनही राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नाते ठेवण्यावरून, रण माजले. यशवंतराव चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. दिल्लीत जे एकमेकांची तोंडे पाहायला तयार नव्हते त्यांचेच भाऊबंद मुंबईत मंत्रिमंडळाच्या बैठकांना येत राहिले. याचे एक कारण असे की मुंबईत प्रत्येकाकडे खाते होते. आणि दुसरे, कुणी उठून गेला तर इंदिरा काँग्रेसची वाट मोकळी होईल हे सगळ्यांना दिसत होते. वर जी पहिली अट सांगितली, बाहेर ठेवायच्या पक्षाची भीती शिल्लक असण्याची, ती इथे रोज पुरी होत होती.

शेवट दिल्लीतून

जानेवारी १९८० च्या लोकसभेत इंदिरा काँग्रेसने महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ जागा जिंकल्या. जनता पक्षाला ८ आणि काँग्रेसच्या अर्स गटाला (म्हणजे देवराज अर्स अध्यक्ष झालेल्या जुन्या रेड्डी काँग्रेसला) १, ती साताऱ्यातून खुद्द यशवंतरावांची. १७ फेब्रुवारी १९८० रोजी नऊ राज्यांची सरकारे एका फटक्यात बरखास्त झाली, त्यात पुलोदचे सरकार गेले. महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट येण्याची ही पहिली वेळ. जनता सरकारने १९७७ मध्ये काँग्रेसची नऊ सरकारे अशीच घालवली होती, त्यामुळे तक्रार कुणी कुणाकडे करायची हा प्रश्नच होता. जूनमध्ये नव्या विधानसभेत इंदिरा काँग्रेसला १८६ जागा मिळाल्या आणि अंतुले मुख्यमंत्री झाले. अर्स काँग्रेसचे ४७ निवडून आले. पवारांचे हे शिलेदार. त्यातले बहुतेक थोड्याच काळात इंदिरा काँग्रेसमध्ये निघून गेले. ज्यांनी दादांचे चाळीस नेले होते, त्यांना तेच भोगावे लागले.

आजचा कायदा लावून पाहिला तर

१९७८ मध्ये पक्षांतरबंदी कायदा नव्हता. तो १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आला. त्याच्या मूळ रूपात विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य वेगळे झाले तर ती फूट ग्राह्य होती. ६९ चा एक तृतीयांश म्हणजे २३. पवारांच्या चाळीसांना तो कायदा सहज मानवला असता. २००३ मध्ये एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने फुटीची ती सवलत काढली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचाच अपवाद ठेवला. ६९ चे दोन तृतीयांश ४६. आजचा कायदा असता तर चाळीस जण कमी पडले असते आणि दादांनी त्यांना अपात्र ठरवण्यासाठी अध्यक्षांकडे अर्ज केला असता.

निदान कागदावर तरी. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे बाहेर पडले ते शिवसेनेचे ४० च्या घरात आमदार घेऊन. तेव्हा सेनेचे आमदार ५५, दोन तृतीयांश ३७. आकडा पुरत होता, पण त्यांनी कुठल्या पक्षात विलीन व्हायचे नाकारले आणि आम्हीच शिवसेना, असा दावा केला. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिले. कायदा कडक झाला तसा फुटीचा आकार मोठा झाला आणि तिची भाषा बदलली.

बाकी जुळणी पाहण्यासारखी आहे. महाविकास आघाडीतून राष्ट्रवादीने किंवा काँग्रेसने पाठिंबा काढला नव्हता. मुख्यमंत्र्याचाच पक्ष फुटला, तोही भागीदारांबरोबरच्या संसाराचे कारण सांगून. उद्धव ठाकरेंनी सभागृहात मतदान होण्याआधी राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चुकीचे ठरवले, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही असेही म्हटले. दादांच्या वेळी नैतिक किंवा इतिहासापुरता असलेला मुद्दा आता कायद्याचा झाला. आणि मुख्यमंत्रिपद? १०६ आमदारांच्या भाजपने ते ४० वाल्या शिंद्यांना दिले. ९९ आणि ४०, १०६ आणि ४०.

याला उलटे उदाहरणही याच राज्यात आहे, आणि गंमत म्हणजे तेही पवारांचेच. २००४ मध्ये राष्ट्रवादीला ७१ जागा मिळाल्या, काँग्रेसला ६९. मोठा पक्ष असूनही पवारांनी मुख्यमंत्रिपद काँग्रेसला सोडले आणि बदल्यात जादा मंत्रिपदे घेतली. राष्ट्रवादीतल्या अनेकांना ते आजही खुपते. तेव्हा दोन्ही पक्ष एकमेकांशी निवडणुकीआधीच बांधलेले होते, कुणी कुणाला नकार देऊ शकत नव्हता. नकाराची ताकद नसली की खुर्चीचा भाव खात्यांत मोजला जातो.

मंडळी पुढे कुठे गेली

वसंतदादा इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. शंकरराव चव्हाणही परतले, १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या केंद्रीय मंत्रिमंडळात गेले आणि १९८६ मध्ये दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. १९८५ ची निवडणूक पवारांनी जुन्या पुलोद मित्रांना सोबत घेऊन लढवली. त्यांच्या समाजवादी काँग्रेसला (अर्स काँग्रेसचेच हे पुढचे नाव) ५४ जागा, जनता पक्षाला २०, भाजपला १६, शेकापला १३. सत्तेला पुरत नव्हते, पण एकत्र धरले तर शंभरावर आमदारांचा विरोधी पक्ष उभा होता. डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबादला राजीव गांधींच्या उपस्थितीत पवार काँग्रेसमध्ये परतले. दीड वर्षाने शंकररावांना दिल्लीला बोलावून घेतले गेले आणि त्यांच्या जागी पवार मुख्यमंत्री झाले. जुलै १९७८ मध्ये दादांना सोडून आलेल्यांपेक्षा १९८६ मध्ये मागे राहिलेल्या शेकाप-समाजवाद्यांचे नुकसान मला जास्त मोठे वाटते, पण त्यांच्यासाठी कुणी खंजिराची भाषा केली नाही. चार वर्षांनी विरोधी बाकांवरची जागा कुणी घेतली ते १९९० च्या निकालात दिसते : शिवसेना ५२, भाजप ४२, जनता दल २४, शेकाप ८. काँग्रेसला १४१ मिळाल्या, बहुमताला चार कमी. मुख्यमंत्री पवारच झाले. ते चार आणायला या वेळी कुठलाही पक्ष फोडावा लागला नाही. अपक्ष पुरले.